चॅरिझार्डच्या तळाची ओळ: लातूरमधलं एक प्रकरण

माझ्याकडे लोक नाणी घेऊन येतात. आजीच्या गाठोड्यात सापडलेला निजामाचा हाली रुपया, राणीछाप, नांगरताना वर आलेला तांब्याचा ढब्बू. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "याचे किती येतील?" आणि माझं उत्तरही तीस वर्षं एकच आहे. आधी हे कुठलं आणि कधीचं ते बघू, पैशाचं नंतर बोलू. गेल्या उन्हाळ्यात मात्र दोन घरची माणसं एकदमच दारात उभी राहिली, आणि त्यांच्याकडे नाणं नव्हतं. वहीच्या प्लॅस्टिक कव्हरात घातलेलं एक कार्ड होतं, पोकेमॉन या जपानी खेळातल्या चॅरिझार्ड नावाच्या ड्रॅगनचं.

दोन्ही घरं एकाच गल्लीतली, गंजगोलाईपासून चालत दहा मिनिटांवर. नावं लिहीत नाही. एका मुलाला 'देणारा' म्हणतो, दुसऱ्याला 'घेणारा'. देणारा आठवीत, घेणारा नववीत, दोघांची सकाळची शिकवणी एक. देणाऱ्याचे मोठे काका डॉक्टर. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि २००० साली बायको-मुलासह इंग्लंडला गेले, ते तिकडचेच झाले. मागच्या दिवाळीत आले तेव्हा त्यांनी एक बॅग इथं ठेवली: मुलाची जुनी पुस्तकं, खेळण्यातल्या गाड्या आणि कार्डांचा एक अल्बम. "पोरांना खेळायला द्या," एवढंच सांगून गेले.

देणाऱ्याने त्यातलं एक कार्ड घेणाऱ्याला दिलं आणि बदल्यात तीस सोनेरी कार्डं घेतली. ही सोनेरी कार्डं कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात टांगलेली दिसतात. दोन महिने सगळं सुखात चाललं होतं. मग घेणाऱ्याच्या मोठ्या भावाने यूट्यूबवर एक व्हिडिओ पाहिला.

"सर, अस्संच कार्ड तीन कोटीला गेलंय," देणाऱ्याचे वडील खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाले. "आन् ह्यांच्या पोरानं आमच्या पोराला त्याच्या बदल्यात काय दिलं, तर हे." आणि त्यांनी सोनेरी कार्डांची चवड टेबलावर पालथी केली.

"आम्ही काय मागायला गेलो होतो का? तुमच्याच पोरानं आणून दिलं. आता भाव कळला तसं बदलायलेत," घेणाऱ्याचे वडील.

मुलं दाराशी उभी होती. एकमेकांशी भांडत नव्हती, हे मी तेव्हाच पाहून ठेवलं.

तीन कोटींची गोष्ट खोटी नाही. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका लिलावात चॅरिझार्डचं एक कार्ड ४,२०,००० डॉलरला गेलं. त्या वेळच्या दराने तीन कोटींच्या वर. तेव्हा "असंच" या शब्दात किती पाणी आहे, तेवढंच बघायचं होतं. मी कार्ड ठेवून घेतलं, दोघांना पावती लिहून दिली आणि आठ दिवसांनी या म्हणालो.

चित्र तेच, अक्षर वेगळं

मी कार्डांचा जाणकार नाही. पण एक गोष्ट मराठवाड्यातल्या कुठल्याही नाणेवाल्याला माहीत असते. निजामाच्या रुपयावर चारमिनार असतो. मीर महबूब अली खान यांच्या रुपयावर आहे आणि १९११ साली गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खान यांच्या रुपयावरही आहे. लांबून दोन्ही सारखेच. पण चारमिनारच्या मधल्या कमानीत, दाराच्या जागी, अरबी लिपीतलं एक बारीक अक्षर असतं. महबूबांच्या रुपयात 'मीम', उस्मानांच्या रुपयात 'ऐन'. सगळा निवाडा त्या दारातल्या अक्षरात असतो. पेटीत हाली रुपये सापडले की घरची माणसं मिनार मोजत बसतात. मी दारात बघतो.

म्हणून कार्डावरच्या ड्रॅगनकडे मी पहिला अर्धा तास बघितलंच नाही. मित्सुहिरो अरिता या जपानी चित्रकाराचं ते चित्र आहे आणि गेल्या अठ्ठावीसेक वर्षांत ते इतक्या वेळा छापलं गेलंय की त्यावरून काहीच ठरत नाही. कार्डाचं दार कुठं आहे ते शोधायचं होतं.

त्याआधी कार्ड खरं की नकली हे बघावं लागलं. यूट्यूबवर सांगतात, अल्बममधलं एखादं फालतू कार्ड फाडून बघा, आत काळा थर दिसला तर खरं. मी काही फाडलं नाही. कार्डाच्या दोन कागदांमध्ये गडद थर असतो, म्हणून मागून टॉर्च लावला तर उजेड फारसा पलीकडे येत नाही. सोनेरी चवडीतली कार्डं प्लॅस्टिकची, ती वाकवली तरी पट्टीसारखी सरळ होत होती. मग भिंगाखाली छपाई. खऱ्या कार्डावर रंगांचे ठिपके बारीक फुलासारख्या रचनेत बसतात आणि काळी अक्षरं सलग, तीक्ष्ण उमटतात. घरगुती प्रिंटरवरच्या नकलेत अक्षरंसुद्धा ठिपक्यांची असतात.

पण खरा भरवसा आला तो वेगळ्याच वाटेने. अल्बममध्ये चाळीसेक किरकोळ कार्डं होती, उंदीर, किडे, साधी एनर्जीची, म्हणजे खेळात ताकद पुरवणारी, कार्डं. त्यांची नक्कल करण्यात कुणालाच रस नसतो. त्यांचा कागद, जाडी, मागच्या निळ्या रंगाची छटा आणि कडांची झीज या चॅरिझार्डशी तंतोतंत जुळत होती. नाण्यांतही मी असंच करतो. मोठ्या नाण्याचा संशय आला की त्याच गाठोड्यातली चिल्लर आधी तपासायची.

कार्ड खरं होतं. आता कोणतं?

वंशावळ

पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ जपानात २० ऑक्टोबर १९९६ ला आला. मीडिया फॅक्टरी या कंपनीने १०२ पत्त्यांचा पहिला संच काढला, त्यातच हा चॅरिझार्ड. तिथल्या अगदी पहिल्या छपाईत पत्ता किती दुर्मीळ हे सांगणारं छोटं चिन्ह कोपऱ्यात नव्हतं, ते पुढच्या छपाईत आलं. म्हणजे जपानातही एक दारातलं अक्षर आहेच, फक्त ते नसण्यात आहे. पण आपलं कार्ड इंग्रजी, म्हणून ती फांदी तिथंच सोडली.

इंग्रजी आवृत्ती काढली अमेरिकेतल्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने, ९ जानेवारी १९९९ ला. हा 'बेस सेट'. १०२ पत्ते, चॅरिझार्डचा क्रमांक ४, म्हणून उजव्या कोपऱ्यात खाली ४/१०२. एका पाकिटात ११ पत्ते, त्यांतला एक दुर्मीळ, आणि तो चमकणारा निघायचा साधारण तीन पाकिटांतून एकदा. पाकिटांत चमकणारे पंधरा प्रकार. हिशेब केला तर पंचेचाळीसेक पाकिटं फोडल्यावर एक चॅरिझार्ड. अख्ख्या खोक्यात ३६ पाकिटं. म्हणजे बापाने पूर्ण खोकं आणलं तरी पोरगं रडण्याची शक्यता उरतेच. या कार्डाचं वेड कुठून आलं ते या आकड्यांत आहे. खेळात ते फार मोठं कार्ड नव्हतं, त्याबद्दल पुढे सांगतो.

मागणी इतकी आली की बेस सेट पुन्हा पुन्हा छापावा लागला, आणि इथेच सगळी गंमत आहे. मराठी पुस्तकाचं पान उलटलं की 'पहिली आवृत्ती अमुक साली, पुनर्मुद्रण तमुक साली' असं छापलेलं असतं. पत्त्यावर इतकं सरळ कुणी लिहीत नाही.

सगळ्यात आधीच्या छपाईत चित्राच्या चौकटीखाली डावीकडे एक छोटा काळा शिक्का आहे, गोलात १ हा आकडा आणि वर 'एडिशन'. तीन कोटींचं कार्ड या छपाईतलं. शिवाय ते कसं, तर पीएसए या अमेरिकी संस्थेने तपासून दहापैकी दहा गुण दिलेलं, जणू पाकिटातून निघाल्यापासून त्याला कुणी श्वासही लावला नाही. या शिक्क्याचे दहाला दहावाले चॅरिझार्ड त्या संस्थेच्या नोंदीत शे-सव्वाशेच आहेत. आपल्या कार्डाच्या त्या जागी शिक्का नव्हता. तीन कोटींचा प्रश्न तिथे संपला. पण दोन्ही बापांना नुसतं "नाही" सांगून भागणार नव्हतं. "मग कोणतं?" हे विचारल्याशिवाय ते उठले नसते.

शिक्क्याच्या पाठोपाठ जी छपाई झाली तिला संग्राहक 'शॅडोलेस' म्हणतात, बिनसावलीची. चित्राच्या पिवळ्या चौकटीला उजवीकडे आणि खाली सावली असते, तिच्यामुळे चौकट उठून दिसते. पहिल्या शिक्क्याच्या आणि या दुसऱ्या छपाईत ती सावली नाही. वरच्या 'एचपी'ची, म्हणजे शक्तीच्या आकड्याची, अक्षरंही बारीक आहेत. मग मांडणी बदलली, सावली आली, अक्षरं ठसठशीत झाली आणि ही तिसरी, सावलीची छपाई भरमसाट निघाली. हिला 'अनलिमिटेड' म्हणतात. जगात जो बेस सेटचा चॅरिझार्ड सहज दिसतो तो बहुधा हाच.

आपल्या कार्डाला सावली होती. माझी वही आता 'अनलिमिटेड' लिहायला तयार होती आणि मी पेन उचललंही होतं. मग अगदी तळाची ओळ वाचली. पत्त्याच्या पायथ्याशी मुंगीएवढ्या अक्षरांत मालकी हक्काची ओळ असते: साल, निन्टेन्डो, क्रिएचर्स, गेमफ्रीक या मालक कंपन्या, मग पुन्हा साल आणि विझर्ड्स. नेहमीच्या सावलीवाल्या कार्डावर विझर्ड्सच्या आधी १९९९ असतं. इथे भिंगाखाली दिसलं १९९९-२०००.

दारातलं अक्षर सापडलं होतं.

बेस सेटची ही चौथी आणि शेवटची छपाई २००० साली झाली आणि ती मुख्यतः इंग्लंडच्या बाजारासाठी होती. अमेरिकेतल्या मुलांच्या हाती ती फारशी लागलीच नाही. अंबाजोगाईहून निघालेलं कुटुंब २००० साली इंग्लंडात उतरलं, नव्या शाळेत घातलेल्या मुलाने कोपऱ्यावरच्या दुकानातून पाकिटं घेतली आणि त्याला मिळाली ती तिथलीच छपाई. घरच्यांनी सांगितलेला इतिहास आणि पत्त्याचा पायथा एकमेकांना दुजोरा देत होते. असा मेळ माझ्या धंद्यात क्वचित बसतो. बहुतेक वेळा घरचे सांगतात 'शिवकालीन' आणि नाणं निघतं व्हिक्टोरियाचं.

पुनर्मुद्रण म्हणजे स्वस्त?

इथवर पुरे होतं. पण घेणाऱ्याच्या भावाने मध्येच फोन करून विचारलं, "सर, याची रीप्रिंटं लई निघालीत मनून याला किंमत नाही, असं एकजण सांगायलाय. खरंय का?" म्हणून पुढची फांदीही चाळली.

२४ फेब्रुवारी २००० ला विझर्ड्सने बेस सेट २ काढला. पहिल्या संचातले आणि जंगल नावाच्या दुसऱ्या संचातले निवडक पत्ते एकत्र, १३० पत्ते, चॅरिझार्ड पुन्हा ४ क्रमांकावर पण १३० पैकी. ज्यांना पहिली पाकिटं मिळाली नव्हती त्या मुलांसाठी हा सरळ पुनर्मुद्रणाचा संच. भाव आजही मूळच्या खालीच राहतो. इथपर्यंत भावाच्या मित्राचं म्हणणं बरोबर.

मग मे २००२ ची लेजेंडरी कलेक्शन. यातही जुनेच पत्ते, ११० चा संच, चॅरिझार्ड ३/११०. नवीन काय, तर इंग्रजीत पहिल्यांदाच असे पत्ते आले ज्यांचं चित्र सोडून बाकीचं सगळं अंग चमकतं, आणि या संचात ती चमक फटाक्यांच्या आतषबाजीसारखी आहे. पण तोवर पहिलं वेड ओसरलं होतं. दुकानदारांनी हात आखडता घेतला, संच कमी खपला. २००३ मध्ये विझर्ड्सकडून पोकेमॉनचा परवानाच गेला. परिणाम असा की आतषबाजीवाला चॅरिझार्ड, जो उघड उघड तिसऱ्यांदा छापलेला पत्ता आहे, तो आज चांगल्या स्थितीत असला तर मूळ सावलीवाल्यापेक्षा महाग विकला जातो.

हे मला फार आवडलं. किंमत जुनेपणाला चिकटत नाही. त्या वेळी किती छापले, किती पोरांनी वहीत जपले आणि आज मागणारे किती, एवढ्यावर ती उभी असते. नाण्यांत हेच होतं. दोन हजार वर्षांपूर्वीचं सातवाहनांचं शिशाचं नाणं पैठणच्या आसपास ढिगाने निघतं आणि चहाच्या बिलात भागतं, तर विसाव्या शतकातल्या एखाद्या टंचाईच्या सालाचा रुपया हजारोंनी जातो. येणारा माणूस हे मान्य करत नाही. त्याच्या डोक्यात जुनं तेवढं सोनं.

२००८ च्या स्टॉर्मफ्रंट संचात हेच चित्र नव्या मांडणीत, संचाच्या मोजणीबाहेरचा लपवलेला पत्ता म्हणून आलं, क्रमांक १०३/१००. २०१६ च्या इव्होल्यूशन्समध्ये त्याच धाटणीचा पत्ता निघाला, पण शक्ती १२० ची १५० झाली, म्हणून मी तो वंशात धरत नाही, सोयरिकीत धरतो. आणि ८ ऑक्टोबर २०२१ ला, पोकेमॉनच्या पंचविशीनिमित्त, सेलिब्रेशन्समध्ये मूळ पत्ता जवळपास जसाच्या तसा, ४/१०२ हा क्रमांकही तोच ठेवून. फरक एका बारीक खुणेचा: २५ हा आकडा असलेला, पिकाचू या पोकेमॉनचा शिक्का. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचं १७८० सालाचं चांदीचं नाणं तिच्या मरणानंतरही दोनशे वर्षं त्याच सालाने पाडत राहिले, तसला हा प्रकार. घरी ४/१०२ सापडला म्हणून उड्या मारणाऱ्याने आधी हा २५ शोधावा. आपल्या कार्डावर तो नव्हता. २०२३ मध्ये आणखी एकदा, ४०० डॉलरच्या शोभेच्या पेटीत, हाच पत्ता नव्या रूपात आला.

याच विझर्ड्सच्या दुसऱ्या खेळात, मॅजिकमध्ये, अगदी उलटं घडलंय. १९९५ मध्ये त्यांनी क्रॉनिकल्स नावाचा पुनर्मुद्रणाचा संच काढला, जुन्या पत्त्यांचे भाव पडले, संग्राहक खवळले. म्हणून १९९६ मध्ये कंपनीने एक यादीच जाहीर केली: हे पत्ते पुन्हा कधीही छापणार नाही. १९९३ च्या पहिल्या छपाईत अकराशेच निघालेला ब्लॅक लोटस त्या यादीत आहे. पोकेमॉनने असं वचन कुणालाच दिलेलं नाही. खेळणाऱ्या पोराच्या बाजूने बघितलं तर मला पोकेमॉनचं धोरण बरं वाटतं. संग्राहक म्हणून विचाराल तर मी गप्प बसतो.

शिक्क्याचा घोळ

आठव्या दिवशी दोन्ही घरं आली. मी कागदावर लिहून ठेवलं होतं ते वाचून दाखवलं: कार्ड खरं, बेस सेटची चौथी छपाई, इंग्लंडची, पहिली आवृत्ती नाही, एक कोपरा दबलेला, मागच्या कडा पांढऱ्या पडलेल्या, मधोमध तिरका मोड. कोटी नाही, लाखही नाही, हजारांतलं काम.

खोली थोडी थंड झाली. मग देणाऱ्याच्या वडिलांनी सोबत आणलेला अल्बम उघडला आणि एका पानावर बोट ठेवलं. "मग हे? ह्याच्यावर तर शिक्का आहे की!"

माचॅम्प, ८/१०२. चार हातांचा पैलवान. चित्राखाली डावीकडे स्पष्ट, काळा, गोलातला १.

घेणाऱ्याचे वडील पुढे सरकले. दोघांचीही डोकी एकाच पानावर वाकली. भांडण लागल्यापासून पहिल्यांदाच ती दोन माणसं एका बाजूला आली असतील, आणि तीही मला त्यांचं मन मोडावं लागणार होतं तेव्हाच. बेस सेटचा माचॅम्प पाकिटात यायचाच नाही. तो दोघांना खेळ शिकण्यासाठी जी तयार पेटी विकायचे तिच्यात ठरलेला असायचा. पुढच्या छपायांतही बहुतेक माचॅम्पवर तो शिक्का राहिला, अगदी सावली आल्यावरही. म्हणून शिक्क्याचा माचॅम्प हे जगातलं सगळ्यात फसवं कार्ड आहे. ज्याच्या घरी सापडतो तो नोकरी सोडायच्या गोष्टी करतो. याला तर सावलीही होती.

"म्हणजे शिक्का असून उपयोग नाही, आन् नसून बी नाही," देणाऱ्याचे वडील म्हणाले. मला वाटतं, आठ दिवसांत मी जे लिहिलं त्याहून हे नेमकं होतं.

कार्ड कुणाचं

उरला मालकीचा प्रश्न. माझ्या वरच्या मजल्यावर वकील राहतात, त्यांना चहाला बोलावलं होतं. त्यांनी दोन वाक्यांत संपवलं: भारतीय करार कायदा, १८७२, कलम ११. अज्ञान मुलाने केलेला करार हा करारच नाही, प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, १९०३ मध्येच मोहरीबीबीच्या खटल्यात ते ठरवून टाकलं. दोघंही अठराच्या आतले. म्हणजे ज्याचं त्याला परत.

कायद्याने सुटलं. मला मात्र एक गोष्ट सांगाविशी वाटली आणि मी ती सांगितली. घेणाऱ्याने फसवलं, असं मला वाटत नाही. त्याने खाऊच्या पैशांतून जमवलेली तीस झगझगीत कार्डं दिली आणि एक वाकडं, जुनं घेतलं. त्या दिवशी गल्लीतल्या कुठल्याही पोराने तोच सौदा केला असता, कदाचित देणाऱ्यालाच हुशार म्हटलं असतं. भाव व्हिडिओतून आला आणि तो मोठ्यांनी आणला.

घेणाऱ्याचे वडील काही बोलले नाहीत. मुलाने मात्र कार्ड कव्हरासकट देणाऱ्याच्या हातात ठेवलं आणि तीस सोनेरी मोजून घेतली. एकोणतीस निघाली. एकाचा पत्ता देणाऱ्यालाही लागेना.

मग इंग्लंडला फोन लावला, व्हिडिओवर. चुलतभाऊ आता तिशी ओलांडलेला, मराठी थोडं अडखळत बोलणारा. अल्बम मुळात त्याचा, तेव्हा त्याचं मत घ्यावं असं देणाऱ्याच्या आईने सुचवलं, आणि तेच योग्य होतं. मी त्याला कार्डाची स्थिती सांगू लागलो. डावा वरचा कोपरा दबलेला आहे आणि त्यावर भिंगाखाली तीन समांतर खड्डे दिसतात, कारखान्यातल्या कापणीच्या यंत्राचे असावेत. माझ्या वहीत त्यावर तीन ओळी होत्या, एक छोटी आकृतीही.

तो हसायला लागला. "काका, ते दात आहेत. माझे. मम्मी शाळेत नेऊ देत नव्हती."

मी वही मिटली.

कार्ड विकायचं का, असं देणाऱ्याच्या वडिलांनी जरा घुटमळत विचारलं. त्याने खांदे उडवले. तुमचं आहे, काय ते करा, पण याने कुणी खेळलंय का तिकडे? दोन्ही मुलं एकमेकांकडे बघू लागली. खेळायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. त्यांच्यासाठी कार्ड म्हणजे जमवायची, बदलायची आणि कुणाकडे जास्त शक्तीचं ते बघायची वस्तू. एरवी घरचं म्हणणं असं की शिकवणीच्या वयात पत्ते कशाला.

मग एका रविवारी दुपारी माझ्या पुढच्या खोलीत डाव मांडला. नियम मी वाचले, समजले मुलांना. प्रत्येकाला साठ पत्त्यांचा जोड लागतो, अल्बममध्ये तेवढे नव्हतेच, म्हणून होते ते दोघांत अर्धे-अर्धे केले. तेव्हा कळलं की चॅरिझार्ड सरळ टाकता येत नाही. आधी चार्मेंडर, मग त्याचा चार्मेलियन, मग त्यावर चॅरिझार्ड. फायर स्पिन हा त्याचा १०० चा तडाखा द्यायला चार एनर्जी लागतात, एका पाळीला एकच लावता येते, आणि तडाखा दिला की दोन एनर्जी टाकून द्याव्या लागतात. तोवर समोरच्याची साधीसुधी, पहिल्या पाळीला उतरणारी कार्डं काम करून जातात. त्या काळच्या स्पर्धांतही हिटमोनचान, इलेक्टाबझ असले पटकन मारणारे पत्तेच जिंकायचे, आणि चॅरिझार्ड वहीत राहायचा.

अल्बममध्ये चार्मेंडर दोन होते. चार्मेलियन एकही नव्हता.

घेणारा घरी पळाला आणि एक जुनी लग्नपत्रिका घेऊन आला. तिचं जाड पुठ्ठ्याचं पान ६३ बाय ८८ मिलिमीटरला कापलं, मोबाइलवर बघून पेन्सिलीने चार्मेलियन काढला. शेपटीची ज्योत लाल स्केचपेनने. मी सांगितलं म्हणून उजव्या कोपऱ्यात २४/१०२ लिहिलं. मागच्या बाजूला अजूनही कुणाचं तरी शुभमंगल सावधान वाचता येत होतं.

पत्ता पुढे सरकवायच्या आधी तो थांबला, पेन पुन्हा उचललं, आणि चित्राखाली डावीकडे एक छोटा गोल काढून त्यात १ लिहिला.